काम म्हणायचं नाही

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
२४ नोव्हेंबर २०२४

चि. तनुजास,

अतुलदादाचा मनापासून जयभीम. इकडं सगळे खुशाल. तिकडची खुशाली तू लिहिलीसच, म्हणजे लिहिण्यासारखी जेवढी होती तेवढी. वि. वि.

आधी कबूल करून टाकतो. तुझं पत्र ऑक्टोबरातच आलं. पोस्टमननं ते घरमालकीण द्वारकाबाईंकडं दिलं. त्यांनी पाकिटावरचं तिकीट बघितलं आणि मला बजावलं की अमेरिकेचं पत्र आहे, हात धुऊन उघड. हात धुतले, उघडलं, वाचलं, आणि मग सव्वा महिना उत्तर लिहिलं नाही. रोज आज लिहू म्हणायचं आणि रोज उद्यावर ढकलायचं. कामात होतो असं लिहिणार होतो, पण मी किती कामात असतो ते तुला काय सांगायचं. मधे तर गंगापूरकडं गेलो होतो. एका मित्राच्या जीपचा ड्रायव्हर पळून गेला, मी म्हणलं मी चालवतो. कापूस वेचायला जाणाऱ्या बाया, त्यांचे डबे आणि एक शेळी. शेळीचं भाडं मागितलं तर मालकीण म्हणाली की ती उभी आहे, बसलेल्यांचं घे. मला पटलं, मी सोडून दिलं, आणि मित्रानं मला सोडून दिलं. हे बघ, लागलो भरकटायला.

खरं कारण वेगळं आहे. तू जे विचारलंस त्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. तुझ्या ट्रेनिंगच्या प्लॅनच्या कागदावर लिहिलंय पहिले तीन महिने हॉटेलचं काउंटर, मग किचन, मग बँक्वेट म्हणजे मेजवान्या, शेवटी हाऊसकीपिंग. आणि तुझ्या हातात उतरल्यापासून बादली. सगळ्यांचं असंच असतं का काही चूक झालीय, असं तू विचारलंस. तुला तिकडं पाठवणाऱ्या आपल्या क्लासच्या राजकुमार सरांना विचारलं. सर म्हणाले की हॉटेल पायापासून शिकायचं असतं, सुरुवात खोल्यांपासूनच होती, नाताळ झाला की काउंटरला घेतील. मला पटलं. सरांचं बोलणं समोर बसल्यावर पटतंच, जिना उतरल्यावर पटत नाही.

तू पत्रच लिहीत जा. माझा फोन क्लासचा, त्याचं व्हॉट्सअ‍ॅप सरांच्या कॉम्प्युटरवर दिवसभर उघडं. तुझा मेल सरांनीच काढून दिलेला, पासवर्ड त्यांच्याकडं. घरी फोन केलास की काकू स्पीकर लावती आणि अर्धी गल्ली जमती. राहिला कागद.

क्लास जोरात चालू आहे. नवी बॅच आली. मी अजून तोच, जुन्या तिकीटखिडकीच्या काचेमागं बसून सरावाच्या मुलाखतीत व्हिसाचा साहेब होणारा. व्हिसा ट्रेनिंगचा, म्हणून नियम पण तोच. काम म्हणायचं नाही. वर्क नाही, जॉब नाही, पगार नाही. ट्रेनिंग आणि स्टायपेंड. तोंडातून चुकून काम निघालं की बाकावर उभं राहायचं, दुसरा कुणी चुकेपर्यंत. परवा एक पोरगा जेवणाच्या सुट्टीतपण बाकावर होता, कारण बाकीचे घाबरून बोलेनातच. मी त्यांना तुझं उदाहरण देतो. अख्ख्या बॅचमध्ये एकदाही बाकावर न चढलेली तू एकटी. आणि शिकवणारा कोण, तर मी, मुंबईला खऱ्या खिडकीत गोऱ्या बाईनं तिकडं जाऊन काय करणार विचारल्यावर छाती काढून ‘आय विल वर्क हार्ड’ म्हणणारा. शाळेत तेवढ्याच इंग्रजीला शाबासकी मिळाली होती. पासपोर्ट परत हातात यायला मिनिटही लागलं नाही. सर म्हणाले, जो जिथं घसरला ती जागा त्यालाच नीट दाखवता येती, आणि मला कामाला, चुकलो, क्लासला ठेवून घेतलं.

गावी लासूरला तुझा फ्लेक्स अजून आहे, स्टेशनकडं वळायच्या तोंडावर. मी मजकूर पाठवला होता तो ‘प्रशिक्षणासाठी’ असा. फ्लेक्सवाल्याला तो ‘प्र’ चुकून पडलाय असं वाटलं, त्यानं काढला. मग जयंती मंडळाच्या कारभारी आबांनी बघितलं, नुसतं शिक्षण त्यांना उघडं उघडं वाटलं, त्यांनी पुढं ‘उच्च’ लावलं. झालं. कु. तनुजा सर्जेराव हिची उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस निवड. आपल्या वस्तीत शिक्षण म्हणलं की माणसं उभी राहतात, तुला माहितीय. काका कापसाच्या जिनिंगच्या गेटवर ड्यूटीला जाताना मुद्दाम लांबच्या रस्त्यानं त्या फ्लेक्सखालून जातात. तुझी धाकटी प्रेरणा तेवढी तशीच. रोज सकाळी ग्राउंडवर पळती, पोलीस भरती एके पोलीस भरती. मी चेष्टेनं म्हणलं तू पण हॉटेलला ये. तर म्हणती मला कुणाला वेलकम सर म्हणायचं नाही, लोकांनी मला म्हणायला पाहिजे.

नाताळपर्यंत दम धर. थंडीचं जप. माझ्या आळसाला हसत जा आणि माया पातळ होऊ देऊ नको, एवढंच मागणं.

तुझा,
अतुलदादा



मागची इमारत, डोंगरावरचं हॉटेल, अमेरिका
२२ डिसेंबर २०२४

ती. अतुलदादास,

तनुजाचा सविनय जयभीम. शाळेत पाठ केलेलं सा. न. वि. वि. लिहिणार होते, पण साष्टांग घालायला पाठ वाकायला पाहिजे, ती सध्या वाकत नाही. तेव्हा जयभीमवर भागव.

तुझं पत्र बर्फात अडकून काल आलं. शेळीचा मजकूर मी शेजारच्या कॉटवरच्या लिझेटला सांगितला. ती फिलिपिन्सची. त्यांच्याकडं जीपमध्ये डुकराचं पिल्लू मांडीवर घेतलं तर भाडं पडत नाही म्हणाली. आम्ही दोघी लई हसलो. मग तिनं विचारलं की भाऊ काय काम करतो, आणि मी विषय बदलला.

इथं लोक बर्फावर घसरायला येतात. हौसेनं घसरतात आणि संध्याकाळी ओले बूट गालिच्यावर काढतात. सकाळी दारावर टकटक करायचं, हाऊसकीपिंग म्हणून ओरडायचं, उत्तर आलं नाही की आत. आधी चादरी ओढायच्या, मग न्हाणीघर. एक निळी बाटली, एक गुलाबी. दोन्ही एकदम वापरायच्या नसतात, हे मला लिझेटनं सांगितलं, पण ते दुसऱ्या आठवड्यात. पहिल्या आठवड्यात मी दार लावून दोन्ही ओतल्या होत्या. तेव्हापासूनचा खोकला अजून गेला नाही. हातमोजे दोन दिवसांत फाटतात, नवे सोमवारीच मिळतात. तळहाताची साल निघती, बोटांवर भेगा पडल्यात. मीठ लागलं की कळतं.

काउंटरचं मी विचारलं. सुपरवायझर बाई कधी आवाज चढवत नाही. तू आमच्या घरचीच आहेस, असं ती रोज म्हणती. काउंटरला माझं इंग्रजी पाहुण्यांना समजणार नाही असं पण त्याच आवाजात म्हणाली. तीन वर्षं हॉटेलचा डिप्लोमा कुठल्या भाषेत केला मग मी.

घरी व्हिडिओ कॉल करते तेव्हा काय करते सांगू का. इथं उजाडायच्या आधी लॉबी रिकामी असती, तिकडं तेव्हा संध्याकाळ. काउंटरवरचा एक पोरगा चांगला आहे, तो त्याचा कोट मला देतो. तो घालून मी काउंटरमागं उभी राहते. आई म्हणती वाळलीस. पप्पा म्हणतात कॉम्प्युटर दाखव, मी दाखवते. मागच्या वेळी त्यांनी विचारलं परीक्षा कधी. मी म्हणाले, मार्च-एप्रिलात. तो ‘प्र’ कुठं पडला रे दादा, सापडला तर पाठवून दे.

आता जे सांगायचं ते. ज्या संस्थेच्या नावावर माझा व्हिसा आहे, ती स्पॉन्सर, तिथली एक बाई दर महिन्याला फोन करती. हॉटेल ठरल्याप्रमाणं शिकवतंय का, हे बघणं तिचं काम. आवाजावरून पोक्त वाटती. तिनं विचारलं, सगळं प्लॅनप्रमाणं चाललंय ना. आणि माझ्या तोंडातून घडाघडा निघालं की मी अतिशय समाधानी आहे, माझं ट्रेनिंग फार छान चालू आहे, मला खूप शिकायला मिळतंय. दादा, मी खोटं बोलायचं ठरवलं नव्हतं. मी काहीच ठरवलं नव्हतं. फोनवर साहेबी आवाज आला आणि मला समोर तुझी काच दिसली. ती बाई खूश झाली. फोन ठेवल्यावर मी एका पाहुण्याच्या न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि काम, काम, काम असं म्हणून बघितलं. म्हणता येतं. कुणी ऐकत नसलं की येतं.

आजीनं गावकीची झाडलोट सोडली म्हणून तिला गाव सोडावं लागलं, हे पप्पा दर जयंतीला सांगतात. आता त्यांना कसं सांगू की मी कुणाचं काय धुते. काम वाईट आहे असं मी म्हणत नाही. लिझेट हेच करती आणि मान वर करून जेवती. पण ती कामाला म्हणून आली, तिच्या घरी सगळ्यांना ठाऊक आहे. मला शिक्षणाला पाठवलंय.

नाताळनंतर काउंटर मिळालं नाही तर मी काय करायचं ते लिही. सरांना विचारून नको. तुझं तू लिही.

रागावू नकोस, आणि मला विसरशील इतका लांब कुठं भटकायला जाऊ नकोस.

तुझी,
तनू



गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
२६ जानेवारी २०२५

चि. तनुजास,

अतुलदादाचा जयभीम. वि. वि. ह्या वेळी उशीर नाही. पत्र परवा मिळालं, आज झेंडावंदनाची सुट्टी, बसलो लिहायला. हातावर जिलबीचा पाक आहे, कागद चिकटला तर समजून घे.

पत्र वाचून सरळ सरांकडं गेलो. बरंच भांडायचं ठरवून गेलो होतो. सरांनी चहा मागवला. म्हणाले की उन्हाळ्यात तेच हॉटेल आपली दहा पोरं घेणार आहे, तनुजानं आता कुरकुर केली तर दहा जणांचं दार बंद. वर म्हणाले की स्पॉन्सरला तक्रार गेली की ते पहिलं काम काय करतात तर पोराला विमानात बसवतात. मी विचारलं की तिच्या हाताचं काय. सर म्हणाले, व्हॅसलीन लाव म्हणावं. चहा तसाच ठेवून उठलो. एवढंच भांडण झालं.

पण मग एक केलं. तुझ्या प्लॅनची कॉपी क्लासच्या कपाटात होती. तिच्यामागं स्पॉन्सरची माहिती जोडलेली आहे. बारीक इंग्रजी, मी बारावीला दोनदा बसलेला माणूस. पण फोननं फोटो काढून मराठी करून घेतलं. मराठी पण वाकडंतिकडंच आलं, तरी अर्थ लागला. ट्रेनीला सगळा वेळ साफसफाईला जुंपायचं नाही, असं त्यात स्पष्ट आहे. प्लॅन पाळत नसतील तर आम्हाला कळवा, असं पण आहे. खाली नंबर आहे, चोवीस तास चालणारा. मी स्वतः लावून बघितला, एसटीडी बूथ आता कुठले, पानवाल्याच्या फोनवरून. तिकडच्या माणसानं सांगितलं की ज्याचा व्हिसा त्यानंच बोलायचं, भावाशी बोलता येत नाही. म्हणजे तुलाच बोलावं लागणार.

तेव्हा आता उलटा क्लास. लिहून घे. ‘धिस इज नॉट ट्रेनिंग. धिस इज वर्क. आय क्लीन रूम्स ऑल डे.’ एवढंच. समाधानी नाही, अतिशय नाही, खूप शिकायला मिळतंय नाही. रोज दहा वेळा, नळ बंद ठेवून. लिझेटला काचेमागं बसव. चुकून ट्रेनिंग निघालं तर कॉटवर उभी राहा. मी पण काल पोरं गेल्यावर क्लासमध्ये काचेच्या ह्या बाजूला बसून म्हणून बघितलं. समोर रिकामी खुर्ची होती तरी जीभ अडखळली. आपणच लावलेली सवय लई चिवट.

परत पाठवतील का, मला खरंच माहीत नाही. सर म्हणतात पाठवतील. कागदावर लिहिलंय की आधी दुसरी जागा बघतात. पाठवलं तर पाठवलं. छातीत औषधाचा वास भरून घेऊन वर्ष काढण्यापेक्षा बरं.

मागच्या आठवड्यात लासूरला गेलो होतो. रस्त्यात गाडी पंक्चर झाली. पंक्चरवाला वारकरी भजनी मंडळातला, तो मला पेटीचा एक सूर शिकवत बसला आणि घरी पोचायला दुपार टळली. काकूनं बाजरीची भाकरी आणि तुरीच्या शेंगांची आमटी केली होती. तुझं नाव निघालं की ती वाढायची थांबती. काकांचं एक सांगायचं राहिलं. जिनिंगचा मालक आता त्यांना गेटवर उभं राहू देत नाही. पोरगी अमेरिकेला शिकती आणि बाप उभा, बरं दिसत नाही म्हणून त्यानं केबिनमधली खुर्ची काढून दिली. काका मला ती खुर्ची दाखवायला घेऊन गेले. बसले नाहीत, नुसती दाखवली.

हे तुझ्यावर ओझं म्हणून लिहिलं नाही. आलं मनात, लिहिलं. फोन करून टाक. आणि ह्या दादावर जीव आहे तेवढा राहू दे, तो काही फार उपयोगाचा नाही तरी.

तुझा,
अतुलदादा



लिझेटची खोली
१८ मार्च २०२५

ती. अतुलदादास,

तनुजाचा जयभीम. वि. वि. मी म्हणाले.

फेब्रुवारीत त्या बाईचा फोन आला तेव्हा पुन्हा तेच घडाघडा निघालं, अतिशय समाधानी. लिझेटनं कपाळावर हात मारला. मग मार्चच्या सुरुवातीला आम्ही दोघी धुलाईखान्यात गेलो, मशिनं चालू होती, आणि मीच त्या बाईचा नंबर लावला. लिझेटनं माझा दुसरा हात धरला होता, भेगांना लागू नये असा मनगटाला. मी म्हणाले, धिस इज नॉट ट्रेनिंग. पुढचं वाक्य विसरले. मग मराठीतच म्हणाले, हे काम आहे. नुसतं काम आहे. मग इंग्रजीत. तिनं लिहून घेतलं. मग ती म्हणाली की तू सांगितलंस ते बरं केलंस, आणि इतके महिने का सांगितलं नाहीस. मी म्हणाले की सॉरी.

ती वाईट नव्हती दादा. तिनं हातांचे फोटो मागितले, डॉक्टरकडं पाठवलं, हॉटेलला जाब विचारला. हॉटेलनं सांगितलं की मुलीनंच दर महिन्याला समाधानी म्हणून सांगितलंय. तिनं दुसरं हॉटेल शोधलं. पण बर्फ वितळायला लागलं की इथली हॉटेलं निम्मी बंद होतात, नवा माणूस कुणी घेत नाही. सोळा तारखेला माझा प्रोग्राम संपला. पंधरा एप्रिलच्या आत देश सोडायचा. चौदा तारखेचं तिकीट त्यांनी काढून दिलंय. सुपरवायझर बाईनं गणवेश, खोलीची किल्ली आणि हॉटेलचं सिमकार्ड मोजून परत घेतलं आणि मिठी मारली. घरचं माणूस जातंय म्हणाली.

आता लिझेटच्या कॉटवर दोघी झोपतो, चोरून. तेरापर्यंत निभेल. माझ्याकडं फोन नाही. घरी शेवटच्या कॉलला सांगितलं की परीक्षा आहेत, महिनाभर बोलता येणार नाही. पप्पांनी सगळ्यांना गप्प केलं आणि म्हणाले की पोरीचं डोकं खाऊ नका, अभ्यास करू द्या.

अजून एक आहे, ते तुलाच लिहिते. लिझेटची मावशी दोन राज्यं पलीकडं राहती. तिच्या ओळखीचं एक रेस्टॉरंट आहे, मागच्या दारानं आत जायचं, भांडी घासायची, तिथंच वरती झोपायचं. कागद विचारत नाहीत. मी चौदाच्या विमानात बसले नाही तर तिथं जाऊ शकते. मग मात्र मी कुणाच्याच नावावर नाही. आजारी पडले तर डॉक्टर नाही, पकडलं तर काय होईल माहीत नाही, आई-पप्पांना कधी भेटेन ते पण माहीत नाही. लिझेट म्हणती, वेडेपणा करू नको, घरी जा. तिला मी फ्लेक्सचं समजावून सांगितलं, तिला कळलं नाही. चूक छापणाऱ्याची आहे, तुझी नाही, असं म्हणती.

तू खुर्चीचं कशाला लिहिलंस रे. त्या दिवसापासून मला ती खुर्चीच दिसती. मी परत आले की ती केबिनमध्ये परत जाणार.

मला ये म्हणू नकोस आणि राहा पण म्हणू नकोस. घरी खरं कोण सांगणार, तेवढंच लिही. त्या बाईला मी सांगितलं कारण ती मला ओळखत नव्हती. पप्पांपुढं माझ्या तोंडून ते निघणार नाही. मी उतरायच्या आधी घरात कळलेलं असलं, तरच मी विमानात बसेन. नाहीतर दुसरा रस्ता.

उत्तर लिझेटच्या नावानं हॉटेलवर पाठव. उशीर केलास तर ह्या वेळी हसणार नाही. पण राग धरणार नाही, एवढं नक्की.

तुझी,
तनू



क्लास, गारखेडा
५ एप्रिल २०२५

चि. तनू,

जयभीम. तुझं पत्र गुरुवारी मिळालं. क्लासच्या फोनवरून तुझ्या जुन्या नंबरला मेसेज केले, सर बघोत नाहीतर न बघोत. एकच टिक येती. हॉटेलला फोन लावला, अशी कुणी मुलगी इथं नाही म्हणाले, लिझेटला द्या म्हणलं तर फोन ठेवून दिला. म्हणून हे पत्र जलद कुरिअरनं आजच टाकतोय. पाच दिवसांत पोचवतो म्हणालाय. पोचलं तर तुझ्याकडं दोन-तीन दिवस राहतात.

घरी मी सांगणार. आधी ते लिहून टाकतो, म्हणजे मला मागं फिरता येणार नाही.

काल खरं तर त्याच्यासाठीच निघालो होतो. स्टेशनवर गेलो, लासूरचं तिकीट काढलं, बाकावर बसलो. मनात वाक्य जुळवत होतो. काका, तनू तिथं शिकत नव्हती. काका, तनूला परत पाठवलंय. काका, फ्लेक्सवर चूक होती. गाडी आली, माणसं चढली, गाडी गेली. मी तिकीट हातात धरून बसलेलो. इतरांना बोलायला शिकवून पोट भरणारा माणूस मी. तिथून चालत परत आलो, आणि मधे कुठंच भरकटलो नाही, यावरून ओळख.

घरी काय चालू आहे ते पण सांगतो, तुला कळायला पाहिजे. जयंतीला मंडळ मैदानात मोठा पडदा लावणार आहे. तुझी परीक्षा संपलेली असली तर तू अमेरिकेहून दोन शब्द बोलायचे, असं कारभारी आबांचं म्हणणं. काकांनी हो म्हणून टाकलंय. ते थांबवलं पाहिजे, आणि ते खरं सांगितल्याशिवाय थांबणार नाही.

काका काय म्हणतील मला माहीत नाही. मारतील असं वाटत नाही. बोलणार नाहीत बहुतेक, काही दिवस. काकू रडंल आणि मग तुझ्या हाताचं विचारंल. खुर्ची जाईल कदाचित. जाऊ दे. गेटवर उभं राहणारा बाप आणि घरात असलेली पोरगी, ह्यात त्यांना निवडायला लावलं तर ते काय निवडतील, हे तुला तरी विचारायला लागू नये. मला पण उशिरा सुचलं, पण सुचलं.

सरांना सकाळी सांगितलं की आजपासून काचेमागं बसणार नाही. सर म्हणाले की महिना भरून जा. मी म्हणलं की आजची बॅच सोडतो आणि जातो. पोरं आता गेलीत. किल्ली द्यायला थांबलोय, तेवढ्यात हे लिहितोय. उद्या रविवार, पहिल्या गाडीनं लासूर. तिकीट कालचंच खिशात आहे, चालणार नाही, नवं काढीन.

तुझ्यावर जीव आहे तो पोरगी अमेरिकेला गेली म्हणून नव्हता, तो आहे तसा आहे. तू पण ठेव.

तुझा,
अतुलदादा

ता. क. पाकीट बंद करणार तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. मला वाटलं सर. दारात काका. मागं प्रेरणा. काकांनी ड्यूटी बदलून घेतलीय, इस्त्रीचा शर्ट घातलाय, आयुष्यात पहिल्यांदा ह्या क्लासचा जिना चढलेत. प्रेरणाच्या हातात फाईल आहे, दहावी-बारावीच्या मार्कशीट आणि नवीन काढलेले फोटो. मी म्हणलं, भरती? तर मान खाली घालून म्हणाली की भरतीचं सोडलं. ताईला फोनवर त्या कोटात बघितल्यापासून तिच्या डोक्यात तेच आहे म्हणे. काका भिंतीवरचे फोटो बघत फिरतायत, तुझा फोटो सापडला, तिथं थांबलेत.

आता त्यांनी विचारलं की कुणाला लिहितोय. मी म्हणलं, तनूला. तर म्हणाले, तिला लिही, धाकटी पण येतीय, तुझ्या शेजारची कॉट धरून ठेव.

लिहिलं. आता पेन ठेवतो, प्रेरणाच्या हातातली फाईल काढून घेतो, दोघांना बाकावर बसवतो आणि सांगतो. मग ह्याच पावलांनी कुरिअर. तू हे वाचशील तेव्हा घरात कळलेलं असंल. चौदाच्या विमानात बस.